दवाखान्याचा वेळ नेमका जातो कुठे?

पत्र: "मी एमबीबीएस, वय ३४. नाशिकच्या पंचवटीत बाबांचा जुना दवाखाना आहे, लग्नानंतर मीही तिथेच बसायला लागले. संध्याकाळ माझी होतीच. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून निम्मी सकाळही माझ्याकडे आली. दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट. रात्री दहाला शटर ओढते आणि जेवताना व्हॉट्सॲपवर लोकांचे रिपोर्ट बघत बसते. नवरा म्हणतो, दवाखाना ताटात आणू नकोस. एक सॉफ्टवेअरवाला दोनदा डेमो देऊन गेला. अपॉइंटमेंट, केसपेपर, बिल, मेसेज, एआय, सगळं एकात. वर्षाचे पैसे आगाऊ भरायचेत. बाबा म्हणतात, केसपेपर आणि पेनवर उभा जन्म काढला, आता हे कशाला? रिसेप्शनच्या मावशी तर संगणक म्हटलं की हात मागे घेतात. पैसे भरू का?" – एक डॉक्टर, पंचवटी

डॉक्टर,

आत्ता भरू नका. तुमच्या पत्रात थकवा भरपूर आहे, पण वेळ कुठे जातो ते कुठेच नाही. तपासण्यात जातो, लिहिण्यात जातो, की फोन उचलण्यात? डेमो देणारा मुलगा हे विचारणार नाही. तुमची अडचण काहीही असो, त्याचं उत्तर छापून तयार असतं.

म्हणून आधी एक आठवडा नुसतं मोजा. सोमवार ते शनिवार, प्रत्येक केसपेपरच्या कोपऱ्यात तीन आकडे टाका: पेशंट आला किती वाजता, आत गेला किती वाजता, बाहेर पडला किती वाजता. पहिला आकडा मावशी टाकतील, पुढचे दोन तुम्ही. शिवाय रिसेप्शनच्या फोनशेजारी एक पाठकोरा कागद चिकटवा आणि त्यावर चार रकाने आखा: 'डॉक्टर आलेत का', 'माझा नंबर कितवा', 'रिपोर्ट आणि औषध', 'बाकी'. फोन आला की मावशींनी एक उभी रेघ मारायची. चार झाल्या की पाचवी आडवी. यात संगणक लागत नाही आणि मावशींना हे किराण्याच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

माझा अंदाज सांगते. पहिले दोन रकाने आधी भरतील. आणि केसपेपरवरचे आकडे सांगतील की पेशंट तुमच्यासमोर तीन-चार मिनिटं असतो आणि बाहेर तास-सव्वा तास. वेळ वाचवायचा म्हटला की बहुतेक डॉक्टर त्या तीन-चार मिनिटांनाच कात्री लावायला निघतात. लवकर टाईप करू, बोलून लिहू, तयार टेम्प्लेट टाकू. पण तिथे कापायला आहेच काय? २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळांचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. तुम्ही चार देत असाल तर देशाच्या मानाने दुप्पट देताय. ती सोडून बाकी कुठेही कात्री लावा.

आता बाहेरच्या सव्वा तासाकडे येऊ. पंचवटीतली गर्दी कॉलेज रोडसारखी नाही. दिंडोरीकडून, पेठकडून आलेला शेतकरी बाजार समितीत माल उतरवतो, लिलाव उरकतो आणि परतीची गाडी धरायच्या आधी डॉक्टरकडे डोकावतो. त्याच्यासारखे दहाजण एकाच वेळी येतात. त्यांना साडेअकराची अपॉइंटमेंट देऊन उपयोग नाही, कारण लिलाव किती वाजता उरकेल हे त्यांच्या हातात नसतं. उलट सोसायटीतल्या शुगरच्या काकू किंवा अंबडच्या कंपनीत शिफ्ट करणारा बीपीचा पेशंट यांना वेळ दिली की ते घड्याळ लावून येतात. सॉफ्टवेअरवाला दोघांना एकाच साच्यात बसवायला बघेल. तुम्ही सकाळी फक्त नंबर ठेवा, आणि संध्याकाळचा निम्मा वेळ अपॉइंटमेंटला द्या, तोही नियमित तपासणीच्या पेशंटसाठी. प्रत्येक तासातली दहा मिनिटं मोकळी सोडा. ती मोकळी राहणार नाहीत, तापाने फणफणलेलं एखादं लेकरू येतंच.

नंबरासाठी रांग दाखवणारी साधी ॲप मिळतात. मावशी 'पुढचा' दाबतात आणि पेशंटला मोबाइलवर चालू नंबर दिसतो. एवढंच करणारं घ्या. ज्याचा चाळिसावा नंबर आहे तो मग तुमच्या बाकावर न खोकता टपरीवर चहा पीत थांबेल, आणि फोनशेजारच्या कागदावरचा दुसरा रकाना आपोआप ओस पडेल. साधा फोन असलेल्यांसाठी दारात पाटी असू द्या, नंबर खडूने लिहिला तरी चालतो.

पण एक अट. रांग मोडायचा अधिकार मावशींकडेच राहिला पाहिजे. छातीवर हात धरून, घाम पुसत बसलेला माणूस बारावा नंबर घेऊन निमूट बसून राहतो, कारण त्याला वाटतं पित्त झालंय. ॲपला तो बारावाच दिसतो. मावशींना तो चेहऱ्यावरून कळतो, त्या उठून तुमचं दार ढकलतात. ज्या ॲपमध्ये नंबर वरखाली करायची सोय नसेल ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. आणि मावशींना स्पष्ट सांगा की पुढे घेतलेल्या पेशंटवरून कुणी कुरकुर केली तर डॉक्टर तुमच्या बाजूने बोलतील.

मावशी संगणकाला घाबरतात असं तुम्ही लिहिलंय. मला ते फारसं पटत नाही. बहुतेक त्या फोनवर नातवंडांचे व्हिडिओ मजेत बघत असतील, भिशीच्या ग्रुपवर मेसेजही टाकत असतील. भीती वेगळीच असते: चुकीचं बटण दाबलं आणि दिवसाचा गल्ला जुळला नाही तर बोलणी कोण खाणार? आणि दुसरी, जी त्या बोलणार नाहीत: मशीन आलं की माझं काय? दुसरीचं उत्तर तुम्ही आपणहून द्या, त्या विचारायची वाट बघू नका. पहिलीसाठी एका वेळी एकच गोष्ट शिकवा. आधी नंबर. तो हाताखाली बसला की मगच पुढचं. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या डेंग्यूच्या दिवसांत नवीन काही सुरू करू नका. त्या दिवसांत आहे ते सांभाळलं तरी खूप.

आता तुमच्या ताटातला व्हॉट्सॲप. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं मला हेच वाटलं, सॉफ्टवेअर हे निमित्त. उपायाला पैसे लागत नाहीत, थोडा करडेपणा लागतो. दवाखान्याचं वेगळं सिम घ्या, स्वस्तातला फोन घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका आणि तो फोन रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये राहू द्या. घरी न्यायचा नाही. तुमचा खासगी नंबर पाटीवरून, लेटरहेडवरून काढून टाका. जुने पेशंट महिनाभर जुन्याच नंबरवर पाठवत राहतील. प्रत्येकाला एकच ओळ: 'रिपोर्ट कृपया दवाखान्याच्या नंबरवर पाठवा, तिथेच बघते.' सौजन्यापोटी एकदा जरी रात्री उत्तर दिलंत तरी सगळं मुसळ केरात.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दवाखाना बंद असताना आपोआप जाणारा मेसेज लावता येतो. तो असा काहीतरी लिहा: 'नमस्कार. दवाखाना आत्ता बंद आहे. रिपोर्ट पाठवला असेल तर उद्या दुपारी दोन ते तीन या वेळेत डॉक्टर बघतील. छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड किंवा हात वाकडा होणं, बेशुद्धी, लहान मुलाला झटका, यांपैकी काही असेल तर उत्तराची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा.' शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. रोजच्या उत्तरांसाठी तयार मेसेज साठवून ठेवता येतात आणि चॅटला लेबलंही लावता येतात: 'रिपोर्ट बघायचा', 'बोलवायचं', 'झालं'. दुपारी मावशींनी 'बघायचा' उघडून द्यायचं, तुम्ही पाऊण तासात संपवायचं.

लॅबवाल्यांनाही सांगून ठेवा. तपासणीच्या चिठ्ठीवर केसपेपरचा नंबर टाका आणि रिपोर्टच्या फाईलच्या नावात तो नंबर आला पाहिजे असा आग्रह धरा. नाहीतर एका दुपारी 'रिपोर्ट' याच नावाच्या वीस फाईली समोर येतात आणि त्यांतले तीन भाऊसाहेब निघतात. त्या फोनमधली फोटो आपोआप गॅलरीत उतरवण्याची सोयही बंद करा. कुणाच्या एचआयव्हीचा रिपोर्ट कुणाच्या वाढदिवसाच्या केकशेजारी दिसायला नको.

फोनवर किंवा चॅटवर औषध सांगण्याचे नियम आहेत, हे बऱ्याच डॉक्टरांच्या गावीही नसतं. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. त्यांचा गाभा असा: याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत तुम्हाला प्रत्यक्ष दाखवून गेलेला पेशंट हा पुढच्या तपासणीचा पेशंट धरला जातो, त्याची चालू औषधं पुन्हा देता येतात आणि थोडी भरही घालता येते. कधीच न बघितलेल्या माणसाला नुसत्या चॅटवर पॅरासिटामॉल, ओआरएस अशा साध्या औषधांच्या पलीकडे जाता येत नाही. शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि अमली वर्गातली औषधं तर कुठल्याच मार्गाने नाहीत. फी घेता येते, पावती द्यायची, आणि बोलण्याची नोंद ठेवायची. फी घ्याच. फुकट असतं तोवर लोक रात्री अकराला विचारतात, पैसे लागले की त्यांनाही वेळेचं भान येतं.

यात एक नाशिकची गोष्ट जोडते. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीतल्या रस्त्यांवर काय अवस्था असते हे बाबांना विचारा, त्यांनी २०१५ चा बघितलाय. पेशंट दारापर्यंत पोचणारच नाही. तुमच्या शुगर-बीपीच्या पेशंटची नाव, फोन, चालू औषधं, शेवटची तपासणी अशी एक साधी एक्सेल यादी आधीच तयार असेल, तर पर्वणीआधी पंधरा दिवस एकेकाला बोलावून महिन्याची औषधं लिहून देता येतील आणि अडलंच तर फोनवर निभावेल. ही यादी एरवीही कामाची. एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखरेची तपासणी, तीन महिन्यांनी करायची असते, पण ती आठवणार कुणाला? यादीत तारखेचा रकाना लावला की या महिन्यात कोणाची राहिली ते एका टिचकीत दिसतं. मग मावशींनी मेसेज टाकायचा. तंत्रज्ञानाने पेशंटचं खरं भलं कुठे होत असेल तर माझ्या मते इथे, आणि याची जाहिरात कुणी करत नाही.

आता केसपेपर. बाबांना टायपिंग शिकवायला जाऊ नका, ते दोघांच्याही डोक्याला ताप होईल. सर्दी-खोकला, जुलाब, पाय मुरगळला, हे सगळं कागदावरच राहू दे. संगणकात फक्त दीर्घ आजाराचे पेशंट घ्या: मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा. तेही एकदम नाही. जो येईल त्याची नोंद त्या दिवशी. जुन्या फायली भरून काढायला कुणाला बसवू नका. जो पेशंट परत येतच नाही त्याचा इतिहास टाईप करून काय करायचंय?

बाबांचं मन वळवायचं असेल तर वाद घालू नका. त्यांच्या एखाद्या जुन्या मधुमेहाच्या पेशंटची गेल्या तीन वर्षांची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि वजनं एका पानावर काढून त्यांच्यासमोर ठेवा. अर्धा, पाऊण, एक असा चढत गेलेला आकडा वेगवेगळ्या कागदांवर दिसत नाही, एका ओळीत लगेच दिसतो. चांगला डॉक्टर त्यावर गप्प बसत नाही, लगेच विचारतो, 'आणखी कोणाकोणाचं असं आहे?'

छापील प्रिस्क्रिप्शनचा मात्र आग्रह धरा. औषधांची नावं जेनेरिक, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असा नियम २०१६ पासून आहेच. पण त्याहून रोजची गोष्ट म्हणजे केमिस्टचे फोन. 'मॅडम, हे काय लिहिलंय?' हा फोन बंद होईल. 'हे नाहीये, दुसरं देऊ का?' हा फोन चालू राहील आणि राहिलाच पाहिजे. स्वतःच्या मनाने बदलून देणाऱ्या दुकानदारापेक्षा विचारणारा बरा.

स्क्रीन कुठे ठेवायची याचाही विचार करा. २०१६ मध्ये अमेरिकेत ५७ डॉक्टरांच्या दिवसाचं निरीक्षण करून एक अभ्यास छापून आला. पेशंटसमोर घालवलेल्या दर तासामागे जवळजवळ दोन तास संगणकात आणि टेबलाच्या कामात जात होते. तिथे विमा कंपन्यांसाठी भरमसाट लिहावं लागतं, आपल्याकडे तितकं नाही, पण वाट तीच आहे. मॉनिटर तुमच्या आणि पेशंटच्या मध्ये नको, बाजूला हवा, त्यालाही दिसेल असा. आधी ऐका, मग तपासा, मग टाईप करा. तुम्ही स्क्रीनकडे बघत असाल तर म्हातारी आजी गुडघ्याचं सांगून उठते आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर म्हणते, 'एक सांगायचं राहिलं बाई, लघवीतून रक्त जातंय.' तेव्हा मान वर असली पाहिजे.

आभा कार्डाचं, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळखपत्राचं, विचारणारे पेशंट आता येतात. १४ अंकी क्रमांक असतो. हे कार्ड ज्यातून मिळतं ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं ते २७ सप्टेंबर २०२१ ला. तुमची डॉक्टर म्हणून आणि दवाखान्याची नोंदणी करून ठेवा, ती लागणार आहे. क्यूआर स्कॅन करून पेशंटचं नाव-पत्ता आपोआप येतो, तेवढी मावशींची लिहिणावळ वाचते. पण ते ऐच्छिक आहे. ज्याच्याकडे नाही त्याला 'आधी काढून आणा' म्हणू नका.

आणि एआय. बोललेलं लिहून देणारी साधनं सुधारत चाललीत, पण आपला पेशंट एका दमात मराठी, हिंदी आणि अहिराणी बोलतो. शिवाय चुकीचं ऐकलेलं औषधाचं नाव पुढे सहीसकट तुमचं होतं. आहाराचं पत्रक, इन्सुलिन कसं टोचायचं याच्या सूचना सोप्या मराठीत लिहून घ्यायला खुशाल वापरा आणि वाचून दुरुस्त करा. पेशंटचं नाव, फोन, रिपोर्टचा फोटो मात्र अशा कुठल्याही फुकट खिडकीत टाकू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही निघाले, आणि माहितीची नीट राखण केली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींची आहे. ती मोठ्या कंपन्यांसाठी असेल, पण जबाबदारी छोट्या दवाखान्यालाही चुकलेली नाही.

हे सगळं दोन-तीन महिने चालवून बघा. मग त्या सॉफ्टवेअरवाल्याला तिसऱ्यांदा बोलवा. तोवर तुम्हाला काय हवंय ते तुम्हाला ठाऊक असेल. त्याला विचारा: नेट गेलं तर काय चालतं? उद्या मी तुम्हाला सोडलं तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का, आणि त्याचे वेगळे पैसे? मावशींच्या लॉगिनला फक्त नाव आणि नंबर दिसेल, आजार दिसणार नाही, असं करता येतं का? मेसेजचे पैसे किमतीत धरलेत की वर? पेशंटने कागदपत्रं मागितली तर वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागतात; एका पेशंटचा सगळा इतिहास किती वेळात छापून निघतो ते त्याला समोर करून दाखवायला लावा.

आणि त्या दिवशी खुर्चीत तुम्ही बसू नका, मावशींना बसवा. त्या मुलाला म्हणावं, हात मागे बांध आणि नुसतं तोंडाने सांग. नवीन पेशंट नोंदवायचा: पेठकडून आलेला, वय ६२, त्याच नावाचे दोनजण आधीच यादीत आहेत, आणि फोन नंबर मुलाचा, ज्या नंबरावर घरातले आणखी चौघे आहेत. निम्मी सॉफ्टवेअर्स इथेच अडकतात, कारण ती एक नंबर म्हणजे एक माणूस असं धरून चालतात. मावशींना दुसऱ्या प्रयत्नात जमलं तर भावाची बोलणी करा. वर्षाचे आगाऊ तरीही नको, तीन महिन्यांचेच द्या.